खुंटी कोणाची? खताच्या डवऱ्यावरून पेटलेलं एक पेटंट प्रकरण

यवतमाळ जिल्ह्यातलं प्रकरण आहे. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही, कारण तिघंही अजून एकाच बाजाराला येतात आणि एकमेकांना रामराम घालतात. तिघं म्हणजे फाट्यावर फॅब्रिकेशनचं दुकान असलेला एक मिस्त्री, तालुक्याच्या गावचा एक कृषी केंद्रवाला, आणि सात एकरात पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, लावणारे एक काका. नागपूरच्या पेटंट एजंट मॅडमकडं ही फाइल होती, ती मी त्यांच्यासोबत बसून पानापानानं पाहिली म्हणून लिहितोय. "आयडिया माझी होती, त्यानं ढापली" म्हणणारे आपल्याकडं गावोगावी भेटतात, पण हे ठरवतात कसं ते विचारलं तर कोणाला धड सांगता येत नाही.

आधी यंत्र समजून घ्या, नाहीतर पुढचं काहीच कळणार नाही. सायकल डवरा, म्हणजे पिकातलं तण काढायचं कोळपं, सगळ्यांना माहीत आहे, पुढं सायकलचं चाक, मागं पास म्हणजे लोखंडी पातं, माणूस ढकलत तासातून, म्हणजे पिकाच्या दोन ओळींमधून, चालतो. मिस्त्रीनं २०२१ च्या खरिपात त्याच्यावर खताचा डबा बसवला, डब्याखाली नळी, म्हणजे डवरणी आणि युरिया एकाच फेऱ्यात. अडचण अशी की पावसाळ्यात युरिया ओला होतो आणि डब्याच्या तोंडाशी चिकटून बसतो. काकांनी ते यंत्र वापरलं आणि दुसऱ्याच दिवशी दुकानात येऊन सांगितलं, "मिस्त्री, हे काई खरं नाई, दर तासाले काडी खुपसा लागते, त्यापेक्षा बायांच्या हातानं टाकलेलं बरं. तोंडाले ट्यूबीचं रबर लावून पाय, लोखंडाले चिकटते, रबराले कमी चिकटन." मिस्त्रीनं रबराची पट्टी लावली, दोरीनं ओढायची. अशी दोन यंत्रं त्यानं त्याच वर्षी विकली, बिलबुकात नोंद आहे, "खताचा डवरा १ नग, नगद."

पण दोरी ओढायला हात मोकळा राहत नाही. मग २०२२ च्या पावसाळ्यात त्यानं चाकाच्या रिंगेला कडेनं लोखंडी खुंट्या वेल्ड केल्या. चाक फिरलं की खुंटी रबराच्या पट्टीचं टोक उचलते आणि सोडते, पट्टी फटकन मागं येते, त्या झटक्यानं चिकटलेलं ढेकूळ फुटतं आणि मापात खत खाली पडतं. दोरी नाही, काडी नाही. हे चाललं.

कृषी केंद्रवाल्यानं ते पाहिलं आणि पाच यंत्रांचं मटेरियल स्वतःच्या पैशानं आणून दिलं, अँगल, बेअरिंग, चाकं सगळं. यंत्रं गिऱ्हाइकांच्या शेतात ट्रायलला गेली. पुढं मार्च २०२३ मध्ये त्यानं मुंबईच्या पेटंट ऑफिसात अर्ज टाकला, वैयक्तिक अर्जदाराची ऑनलाइन फी १६०० रुपये, आणि फॉर्म १ मध्ये अर्जदारही तोच, शोध लावणाराही तोच. इंजिनीअरिंगला असलेल्या भाच्यानं कॉम्प्युटरवर चित्रं काढून दिली. मिस्त्रीचं नाव कुठंच नाही. मिस्त्रीला कळलं ते दीड वर्षानं, कृषी केंद्रासमोर फ्लेक्स लागला तेव्हा, "पेटंट पेंडिंग" लिहिलेला. दीड वर्ष का, तर अर्ज १८ महिने बंद पाकिटात असल्यासारखा असतो, मग पेटंट जर्नलमध्ये छापून येतो. ते जर्नल दर शुक्रवारी निघतं, पण फाट्यावर बसून ते कोण वाचतं.

मिस्त्री आधी पोलीस ठाण्यात गेला. ते म्हणाले हा आमचा विषय नाही, आणि ते बरोबरच बोलले. मग कोणीतरी सांगितलं की नागपुरात पेटंटचं सरकारी ऑफिस आहे. आहे खरं, राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था, पण तिथं प्रशिक्षण चालतं, भांडणं निकाली निघत नाहीत. आपल्या राज्याचे अर्ज मुंबईला जातात. तिथून फिरत फिरत तो मॅडमकडं आला आणि बसल्या बसल्या पहिलं वाक्य, "मॅडम, मी पयले बनोलं, म्हणून पेटंट मायं."

मॅडमनी तिथंच थांबवलं. आपल्याकडं, म्हणजे १९७० च्या पेटंट कायद्यात, दोन माणसांनी आपापल्या डोक्यानं एकच गोष्ट शोधली तर ज्याचा अर्ज आधी पडला तो पुढं. कोणाला आधी सुचलं हा प्रश्नच तिथं येत नाही. अमेरिकेत वेगळं होतं. तिथं १६ मार्च २०१३ च्या आधीच्या अर्जांना "आधी शोधलं तो मालक" हा नियम होता, आणि त्यापायी वर्षानुवर्षं भांडणं चालायची, क्रिस्परच्या जनुकीय कात्रीवरून बर्कलेची युनिव्हर्सिटी आणि ब्रॉड इन्स्टिट्यूट यांच्यातलं तर त्या जुन्या नियमाखालीच चाललं, कारण अर्ज २०१२ चे. बर्कलेचा अर्ज मे महिन्यातला, ब्रॉडचा डिसेंबरातला, तरी २०२२ मध्ये तिथल्या पेटंट बोर्डानं ब्रॉडच्या बाजूनं दिलं आणि २०२५ मध्ये वरच्या कोर्टानं ते परत विचारासाठी पाठवलं. त्या नियमातसुद्धा शोधकाचा नुसता शब्द चालायचा नाही, वही दाखवली तरी दुसऱ्या कोणीतरी ती पाहिल्याचा पुरावा लागायचा. आता तिथंही आधी अर्ज करणाराच पुढं.

मग मिस्त्रीला काहीच वाव नाही का? आहे, आणि तो एका अटीवर आहे. समोरच्यानं स्वतः शोधलेलं नाही, ते *तुझ्याकडून घेतलं* हे दाखवायचं. पेटंट मागायचा हक्क खऱ्या आणि पहिल्या शोधकाला, किंवा त्यानं ज्याला लिहून दिलं त्याला. कलम ६. आणि कलम २५ मध्ये विरोध करायचं पहिलंच कारण हे की अर्जदारानं शोध गैरमार्गानं दुसऱ्याकडून मिळवला. म्हणजे सिद्ध करायच्या गोष्टी दोन, खुंटीची युक्ती पूर्णपणे माझ्या डोक्यात होती, आणि ती माझ्याकडून त्याच्याकडं गेली. नुसतं "मी आधी" म्हणून भागत नाही, वाट दाखवावी लागते.

कृषी केंद्रवाल्याचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे, तो काही सिनेमातला व्हिलन नाही. त्याचं म्हणणं, पैसा मी लावला, जोखीम मी घेतली, गिऱ्हाईक मी आणलं, असं यंत्र पाहिजे हे मी सांगितलं, मिस्त्रीनं वेल्डिंग केलं त्याचे पैसे घेतले, मग तो कारागीर झाला, शोधक कसा? यातला शेवटचा मुद्दा कायद्यात खरंच चालतो. दुसऱ्यानं पूर्ण सांगितलेली कल्पना हातानं घडवून देणारा शोधक होत नाही. पण पैसा लावणाराही होत नाही. एआयआर या निकालांच्या संग्रहात १९६० साली छापलेला म्हैसूर हायकोर्टाचा मोहम्मद इब्राहिम विरुद्ध शाफ्रानेक हा निकाल यात नेहमी दाखवतात, भांडवल पुरवणारा भागीदार शोधक म्हणवून घेऊ शकत नाही, कंपनीसुद्धा नाही, शोधक म्हणजे ज्यानं डोकं आणि कौशल्य लावून नवीन गोष्ट काढली तो जिवंत माणूस. भाच्याचं तर बोलायलाच नको, समोर उभ्या यंत्राचं चित्र काढणं म्हणजे चित्र काढणं.

काकांचा मुद्दा मात्र मला सगळ्यात आवडला, कारण मिस्त्रीचा आग्रह होता की काकांचंही नाव पाहिजे. "त्याईनंच तं सांगतलं रबर लाव म्हणून." मन मोठं आहे, पण मॅडमनी अर्जातले दावे समोर ठेवले. पेटंटमध्ये वर्णन पानंच्या पानं असतं, हक्क मात्र शेवटच्या दाव्यांपुरता. शोधक कोण हे दाव्यांच्या गाभ्यावरून ठरतं, इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सनं, म्हणजे तेव्हाच्या तिथल्या सगळ्यात वरच्या कोर्टानं, २००७ मध्ये येडा (Yeda) नावाच्या कंपनीच्या खटल्यात हेच म्हटलं, शोधाचा गाभा कोणाच्या डोक्यातून निघाला ते बघा. इथं गाभा रबर नाही, खुंटीनं रबर उचलून झटक्यानं सोडणं हा आहे. काकांनी अडचण सांगितली, अडचण सांगणं म्हणजे शोध नाही. रबर सुचवलं, पण रबरवाली दोन यंत्रं २०२१ मध्येच उघड विकली गेली, ती आता सगळ्यांची झाली. खुंटीत काकांचा हात नाही. मग उपकार म्हणून शोधकाच्या रकान्यात नाव टाकणं हेही खोटंच, जसं मिस्त्रीचं वगळणं खोटं तसं.

आता पुरावा. मिस्त्रीकडं वही नाही, ड्रॉइंग नाही, खडूनं जमिनीवर आखायचं आणि कापायचं. पण ऑगस्ट २०२२ मध्ये खुंट्या लावल्या त्या रात्री त्यानं दुकानातच एक छोटा व्हिडिओ काढून कृषी केंद्रवाल्याला व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. बल्बच्या उजेडात चाक हातानं फिरवतोय आणि बोलतोय, "हे पाहा भाऊ, चाक फिरलं का खुटी रबर उचलते अन् सोडते, ढेकूळ आपोआप पडते." खाली उत्तर, रात्री साडेदहाचं, "हे काय लावलं? चालते कसं?"

मॅडम म्हणाल्या सगळी केस या पाच शब्दांत आहे. ज्याला सुचलं तो "चालते कसं" विचारत नाही. शिवाय शोध कोणाकडून कोणाकडं गेला तेही त्याच खिडकीत, तारखेसकट. फक्त स्क्रीनशॉटची प्रिंट काढून चालत नाही, मोबाइलमधला पुरावा द्यायचा तर त्यासोबत सर्टिफिकेट लागतं, आधी ते साक्ष कायद्याच्या ६५ब कलमाखाली द्यायचे, १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ कलमाखाली. आणि मिस्त्री नवीन फोन घेऊन जुना एक्स्चेंजला देणार होता! मॅडमनी तो फोन हातात घेऊन बंद पाकिटात ठेवायला लावला. बरं एक झालं की त्यानं तो व्हिडिओ गावच्या ग्रुपवर किंवा यूट्यूबवर टाकला नाही, हौसेनं टाकतात लोक, आणि अर्जाच्या आधी स्वतःच जगजाहीर केलं की नवेपणा संपला.

इथंच या प्रकरणाची खरी गाठ आहे आणि बहुतेक लोक इथंच फसतात. मिस्त्रीला वाटत होतं जितके जुने पुरावे तितकं बरं, त्यानं २०२१ ची दोन बिलंही मोठ्या अभिमानानं आणली होती. पण अर्जाच्या तारखेआधी यंत्र उघडपणे विकलं जात होतं हे दाखवलं तर कृषी केंद्रवाल्याचा अर्ज पडेल खरा, त्याच दगडानं मिस्त्रीचाही पडेल. जे आधीच बाजारात आलं ते नवीन नाही, मग अर्ज कोणाचाही असो. "माझं चोरलं" आणि "हे तर आधीपासून विकत होतो" हे दोन मुद्दे विरोधाच्या अर्जात एकाच पानावर लिहिता येतात, पण पहिला मुद्दा हक्क तुझ्याकडं आणतो आणि दुसरा हक्कच बुडवतो. काय पाहिजे ते आधी ठरवा.

म्हणून प्रत्येक यंत्राची कुंडली काढली. २०२१ ची दोन, दोरीवाली, विकलेली, ती सोडून द्या, तो भाग जुना. २०२२ ची पाच, खुंटीवाली. ती विकली की ट्रायलला दिली? कलम ३२ म्हणतं अर्जाच्या आधीच्या एका वर्षात शोधकानं किंवा त्याच्या संमतीनं दुसऱ्यानं फक्त वाजवी चाचणीसाठी उघड वापर केला, आणि ती चाचणी लोकांसमोर करण्याशिवाय इलाज नव्हता, तर नवेपणा जात नाही. खताचा डवरा बंद खोलीत कसा तपासणार, शेतातच न्यावा लागणार. ऑगस्ट २०२२ ते मार्च २०२३ एका वर्षाच्या आत बसतं. चार यंत्रांच्या पावत्यांवर "ट्रायल करता, अनामत १००० परत" असं कृषी केंद्रवाल्याच्याच अक्षरात लिहिलेलं. पाचवीवर मात्र पूर्ण किंमत, नगद. कार्बन कॉपी, साल पुसट, १२/६/२२ का १२/६/२३ काही केल्या वाचता येईना. २२ असेल तर खुंटी ऑगस्टच्या आधीच होती असं निघतं आणि सगळाच हिशोब कोसळतो. शेवटी पावतीचा नंबर पाहिला, त्याच्या मागच्या पुढच्या पावत्या बियाण्याच्या होत्या आणि त्यावर २३ स्वच्छ होतं. म्हणजे विक्री अर्जानंतरची. सुटले.

मग रस्ता कोणता. मंजुरीच्या आधीचा विरोध कोणीही करू शकतो, अर्ज छापून आल्यावर सहा महिने तरी पेटंट देत नाहीत, तेवढा वेळ मिळतोच. पण त्यात जिंकलं तर अर्ज नामंजूर होतो, तो आपोआप मिस्त्रीच्या नावावर होत नाही, त्याला स्वतःचा वेगळा अर्ज टाकावा लागतो. कलम २९ त्याला एवढं संरक्षण देतं की त्याचा हक्क मोडून दुसऱ्यानं टाकलेला अर्ज त्याच्या आड येत नाही. दुसरा रस्ता, थांबायचं, पेटंट मंजूर होऊ द्यायचं आणि मंजुरी छापून आल्यापासून वर्षाच्या आत विरोध करायचा. तिथं तीन सदस्यांचं बोर्ड बसतं, पुरावे प्रतिज्ञापत्रावर, आणि शोध विरोधकाकडूनच घेतला असं ठरून पेटंट रद्द झालं तर कलम २६ खाली ते विरोधकाच्या नावावर करता येतं. ऐकायला गोड आहे पण तोपर्यंत किती खरीप जातील सांगता येत नाही. कलम २८ खाली नुसतं शोधक म्हणून नाव लावून घेता येतं, मंजुरीच्या आधी मागावं लागतं, पण नावानं मालकी मिळत नाही, मानपत्रासारखं भिंतीला लावायचं. मिस्त्री म्हणाला, "नाव नाई पायजे मले, दुसऱ्यानं मायंच यंत्र मायाजोळून बंद करू नये एवढं पाहा."

मॅडमनी विरोधाचा कागद तयार केला, व्हिडिओ, उत्तर, काकांचं प्रतिज्ञापत्र, चार पावत्या, आणि दाखल करायच्या आधी त्याची एक प्रत कृषी केंद्रवाल्याच्या वकिलाला पाठवली. माझ्या मते हीच या फाइलमधली सगळ्यात शहाणी चाल. वकिलानं व्हिडिओखालचं उत्तर वाचलं आणि आठ दिवसांत बोलणी सुरू झाली. कलम २० खाली लेखी करार असेल तर मंजुरीच्या आधी अर्जदार बदलता येतो, फॉर्म ६. करार असा झाला की अर्ज मिस्त्रीच्या नावावर, शोधक म्हणून त्याचंच नाव, त्यासाठी फॉर्म ८, आणि दोन तालुक्यांत विकायचा हक्क कृषी केंद्रवाल्याला, लावलेलं मटेरियलचं बिल त्यातून फेडायचं. अर्जाची मार्च २०२३ ची तारीख कायम राहिली, ती फार मोलाची, नवीन अर्ज टाकला असता तर ट्रायलचं ते एक वर्ष केव्हाच उलटून गेलं होतं. दावे मात्र छाटले. रबराची पट्टी एकटी काढून टाकली, खुंटी आणि पट्टी मिळून जे करतात तेवढंच ठेवलं, आणि २०२१ ची यंत्रं जुनी म्हणून उघड सांगितली. लपवली असती तर? पुढं कोणीतरी ती दोन बिलं काढलीच असती. मंजूर झालं म्हणजे पक्कं झालं असं नसतं, मिर्झापूरच्या भांडी बनवायच्या यंत्राचं पेटंट सुप्रीम कोर्टानं १९७८ मध्ये याच पायावर मोडलं, नवीन काही नाही, वर्कशॉपमधली किरकोळ सुधारणा आहे म्हणून.

काकांना करारात काही नाही. मिस्त्रीनं त्यांना एक यंत्र फुकट दिलं, काका म्हणाले तेवढं बस. इथं कोणालाही नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे आठवतील, एचएमटी तांदूळ निवडून काढणारे, ज्यांचं श्रेय हयातभर वादात राहिलं आणि २०१८ मध्ये ते गेले. पण तो रस्ता वेगळा, बियाणं आणि वाण यांना आपल्याकडं पेटंट मिळतच नाही, त्यासाठी २००१ चा वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा आहे. यंत्राला तो लागू नाही.

सध्या काय चाललंय तर पेटंट ऑफिसचा पहिला तपासणी अहवाल आलाय. एक आक्षेप कलम ३(फ) चा, ओळखीचेच भाग नुसते शेजारी शेजारी मांडलेत, आणि दुसरा एका जुन्या पेरणी यंत्राच्या कागदाचा, त्यातही लवचिक झडप आहे. उत्तराला सहा महिने. मॅडमचं उत्तर असं की खुंटी आणि रबर वेगवेगळी कामं करत नाहीत, झटका दोघांच्या मिळणीतून येतो, आणि जुन्या यंत्रात झडप उघडते पण फटका मारत नाही. टिकेल असं मला वाटतं, पण तपासणारा अधिकारी काय म्हणतो ते त्याच्यावर. तोवर शेजारच्या दोन गावांत खुंटीवाले डवरे दुसरेच लोक बनवून विकायला लागलेत आणि मिस्त्रीला त्यांना अडवता येत नाही, कारण मंजुरीपर्यंत कोर्टात दावा ठोकता येत नाही, नुकसानभरपाई मात्र अर्ज छापल्या तारखेपासूनची मागता येते. कृषी केंद्रवाला रोज म्हणतो नोटीस पाठव. त्यानं यंदाच्या खरिपासाठी चाळीस नगांची ऑर्डरही सांगितली आहे, आणि मिस्त्रीचं एकच उत्तर, "आधी मागच्या बारा नगांचे पैसे दे भाऊ, मंग वेल्डिंग चालू करतो."